संशोधनाची आवड आणि लाखोरीची बांधी

मज्जाविज्ञानाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांत प्रत्येक अध्यापकाच्या नावापुढे त्याच्या संशोधनाचा विषय छापण्याची पद्धत आहे. विद्यार्थी संस्थेचे नाव ऐकून येतो, परंतु मार्गदर्शक निवडतो तो या दोन-चार ओळी वाचून. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. विदिता वैद्य (आडनावाने तरी आपल्याच!) बालपणीच्या ताणाचा मेंदूतील भावनांच्या यंत्रणेवर काय परिणाम होतो, याचा शोध घेतात. पुण्याच्या आयसर संस्थेत राघव राजन झेब्रा फिंच नावाच्या इवल्याशा पक्ष्याचे गाणे अभ्यासतात. पक्षी गाणे कसे शिकतो व कसे गातो, यावरून मेंदू हालचालींचे नियमन कसे करतो हे उलगडते. जीवशास्त्रज्ञ, भौतिकशास्त्रज्ञ, गणितज्ञ व चिकित्सक एका छताखाली बसतात म्हणून या शाखेस आंतरविद्याशाखीय म्हणावयाचे.

या विषयांची थट्टा करण्याचा आमचा हेतू मुळीच नाही. पक्ष्याच्या गाण्यातून उद्या पक्षाघाताच्या रुग्णास वाणी परत देण्याचा मार्ग सापडणारच नाही, असे कोणी सांगावे? आमचा प्रश्न निराळा आहे. ही आवड उपजते कोठे? प्रयोगशाळेतील यंत्रे, गुरूंची परंपरा, अनुदान देणाऱ्यांची मर्जी, परदेशी नियतकालिकांचा कल या सर्वांचा त्यात वाटा असतो. रुग्णाच्या गावाचा वाटा त्यात किती असतो, हे देवरीसारख्या ठिकाणी बसून पाहिले की प्रकर्षाने जाणवते.

गावाचा वाटा असला म्हणजे काय घडते, याचे एक उत्तम उदाहरण आपल्याच देशात आहे. डॉ. विजयालक्ष्मी रवींद्रनाथ या बंगळुरूच्या निमहान्समधून मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राच्या संस्थापक संचालक झाल्या आणि पुढे भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी मज्जाविज्ञान केंद्र उभारले. त्यांच्या संशोधनविषयांपैकी दोन विषय वैद्यांनी आवर्जून लक्षात ठेवावेत असे आहेत. पहिला अश्वगंधेचा. २०१२ साली त्यांच्या गटाने स्मृतिभ्रंशाची विकृती निर्माण केलेल्या उंदरांना अश्वगंधामूळाचा अर्क मुखावाटे दिला. त्यांच्या वर्तनातील दोष व मेंदूतील विकृत प्रथिनांचा संचय कमी झाला. विशेष म्हणजे औषधाचे कार्य प्रामुख्याने यकृताच्या द्वारे घडत असल्याचे त्यांनी दाखविले. रोग शिरात आणि औषध यकृतात! दोष, अधिष्ठान व स्रोतस यांचा विचार करणाऱ्यास यात नवल वाटू नये, पण असा प्रयोग मांडण्याची बुद्धी आपल्या महाविद्यालयांत का झाली नाही, याचे नवल अवश्य वाटावे.

दुसरा विषय तर थेट आमच्या बांधीतला आहे, लाखोरीचा.

गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर हा धानाचा पट्टा. धान कापणीस येण्यापूर्वी उभ्या पिकातच लाखोरीचे बी फेकतात. नांगरणी नको, ओलित नको. बांधीत उरलेल्या ओलाव्यावर पीक येते. पाऊस दगा देतो तेव्हा इतर सर्व करपते, लाखोरी मात्र तग धरते. घात नेमका तेथेच आहे. पाण्याच्या ताणाने दाण्यातील ओडॅप नामक विषद्रव्य वाढते आणि त्याच वर्षी गरिबाच्या ताटात दुसरे काही नसते. सलग दोन-तीन महिने आहाराचा मोठा भाग लाखोरीचाच असला की काही जणांचे, विशेषतः तरुण पुरुषांचे, पाय ताठरतात, टाच टेकेनाशी होते, चालण्यास काठी लागते. हे पंगुत्व सहसा परत फिरत नाही. १९६४ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनीच हे द्रव्य दाण्यातून वेगळे केले. डॉ. रवींद्रनाथ व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये उंदरांवर दाखविले, की या द्रव्याने पेशींतील ऊर्जानिर्मितीचा एक महत्त्वाचा टप्पा बिघडतो, आणि तोही हालचाल घडविणाऱ्या मस्तिष्कभागात व कटीच्या मज्जारज्जूत.

आता आपल्या ग्रंथांकडे वळू. सुश्रुताचार्यांनी वातव्याधिनिदानात कलायखंजाचे वर्णन केले आहे. पाऊल उचलताना कंप, लंगडत चालणे, संधिबंधनांचे शैथिल्य ही त्याची लक्षणे. सोळाव्या शतकातील भावमिश्रांनी त्रिपुट धान्याचे गुण सांगताना ते अतिशय वातप्रकोपक असून खंजत्व व पंगुत्व आणणारे आहे, असे स्पष्ट नोंदविले. व्याधीचे नाव, कारणीभूत धान्य, संप्राप्तीची दिशा, आणि खंज-पंगूप्रमाणे चिकित्सा करून त्यात स्नेहनास प्राधान्य द्यावे हा निर्देश, सारे आपल्याकडे आहे. तरीही येथे एक खरी अडचण आहे. आधुनिक चिकित्सकास रुग्णाचे पाय ताठर दिसतात, आणि आचार्य शैथिल्य सांगतात. हे एकाच व्याधीचे वर्णन आहे काय? अवस्थाभेद आहे, की कलाय शब्दाने दुसरेच धान्य अभिप्रेत आहे? प्रत्यक्ष रुग्ण तपासल्याविना याचा निर्णय होणार नाही; केवळ टीकांचे पाठ जुळवून तर नाहीच.

पदव्युत्तर प्रबंधांचे विषय पाहावेत तर तेच ते आढळतात. आमवातात अमुक गुग्गुळ, संधिगत वातात तमुक तैल, ब्राह्मीचा स्मृतीवर परिणाम. तीस रुग्णांचे दोन गट, प्रश्नावली, निष्कर्ष लाभदायक! विद्यार्थ्यास दोष देण्यात अर्थ नाही. सिनॉप्सिस मंजूर होणे, रुग्ण सहज मिळणे व मुदतीत बांधणी होणे हीच त्याची चिंता असते. परंतु मार्गदर्शकांना स्वतःचा असा एखादा ध्यास असावा की नाही? आपल्या महाविद्यालयांच्या माहितीपत्रकात अध्यापकाची पदवी असते, अनुभवाची वर्षे असतात. तो गेली दहा वर्षे कोणत्या एका प्रश्नाचा पाठपुरावा करीत आहे, ते नसते.

कोणी म्हणेल, आता रेशनचे तांदूळ-गहू घरोघरी पोहोचले, कलायखंजाचे रुग्ण उरले कोठे? रोग ओसरला हे खरेच, व ते आनंदाचे आहे. परंतु प्रश्न मिटलेला नाही. १९६१ मध्ये लाखोरीच्या विक्रीवर निर्बंध आले, आणि २०१६ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या समितीने रतन, प्रतीक व महातिवडा या कमी विषाच्या वाणांना अनुकूल अभिप्राय दिला. म्हणजे ही डाळ पुन्हा ताटात येऊ घातली आहे. किती खावी, कोणत्या प्रकृतीने टाळावी, भिजवून व उकळून पाणी टाकून दिल्याने विष कमी होते ते घरगुती चुलीवर कितपत, तैल-घृताच्या सान्निध्याने काही रक्षण होते काय, हे विचारण्यास वैद्यापेक्षा अधिक योग्य कोण?

सोयही आहे. साकोलीला कृषी संशोधन केंद्र आहे, गोंदियास २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, नागपुरास शासकीय आयुर्वेद महाविद्यालय. तिन्ही एकाच पट्ट्यात. संघटनेच्या विदर्भातील शाखांनी प्रथम एक लहानसे काम हाती घ्यावे, असे आम्ही सुचवितो. पाय ताठरलेला वा अकारण लंगडणारा प्रौढ रुग्ण आला, तर केसपेपरवर तीन प्रश्नांची उत्तरे नोंदवावीत : लाखोरी खाल्ली होती काय, कोणत्या वर्षी, किती महिने. ज्यांना सांगता येईल ती माणसे आता साठी-सत्तरी ओलांडलेली आहेत, तेव्हा येत्या हंगामाची वाट न पाहता हे सुरू करणे बरे.