‘मार्च एंड’ डिसेंबरात नेऊन काय साधणार?



आर्थिक वर्ष जानेवारी ते डिसेंबर करावे, ही मागणी अधूनमधून डोके वर काढते. एप्रिल-मार्च ही 1867 पासूनची इंग्रजी राजवटीची देणगी, म्हणून ती टाकावी, असे काहींचे म्हणणे. मग जानेवारी तरी कुठे आपला? दिवाळी पाडव्याला वहीपूजन करणाऱ्या व्यापाऱ्याने हा मुद्दा मांडला, तर निदान पटेल.

हाच बदल सुचवणाऱ्या झा समितीने ऐंशीच्या दशकात दिलेले कारण अधिक वजनदार होते: पावसाचा अंदाज हाती आल्यावर अर्थसंकल्प मांडता यावा. पण हा झाला अर्थसंकल्पाच्या सोयीचा विचार. हिशेबाचे वर्ष ठरवताना पाहायचे ते, खर्च आणि त्यातून आलेले उत्पन्न एकाच वर्षात पडते का. जूनमध्ये पेरलेले सोयाबीन ऑक्टोबरात निघते, त्यानंतर पेरलेला हरभरा फेब्रुवारी-मार्चमध्ये. दोन्ही हंगाम मार्चअखेरच्या वर्षात बसतात. 31 डिसेंबरला वही बंद केली, तर हरभऱ्याचे बियाणे-खत एका वर्षात नावे पडेल आणि विक्री पुढच्या वर्षात जमा होईल. शेतकरी ताळेबंद काढत नसेल, पण त्याला उधारी देणारे कृषी सेवा केंद्र आणि कर्ज देणारी विकास सोसायटी काढतेच. (अठरा महिन्यांचा आडसाली ऊस मात्र कुठल्याच वर्षात मावत नाही.)

राहिला ‘मार्च एंड’चा गोंधळ. कंपनीने मार्चमध्ये काम करून घेतले आणि बिल एप्रिलमध्ये चुकते केले, तरी तो खर्च मार्चचाच धरून ताळेबंदात देणे दाखवतात. सरकारी हिशेब रोखीवर चालतो. 31 मार्चपर्यंत न उचललेला निधी व्यपगत होतो. म्हणून कोषागारात रात्री उशिरापर्यंत बिलांची झुंबड उडते. वर्ष डिसेंबरात संपवले, तर ही झुंबड डिसेंबरात उडेल. शिवाय पावसाळ्यानंतर रस्त्यांच्या कामांना वर्ष संपेपर्यंत आज सहा महिने मिळतात, ते तीनच उरतील.

बदलासाठी एक वर्ष नऊ महिन्यांचे करावे लागेल आणि मागच्या वर्षाशी तुलनाच मोडेल, ते वेगळेच. नव्या प्राप्तिकर कायद्याने 1 एप्रिल 2026 पासून मागील वर्ष व कर निर्धारण वर्ष या जोडगोळीऐवजी एकच ‘कर वर्ष’ ठेवले, तेही एप्रिल-मार्चच. शासनाला सुधारणा करायचीच असेल, तर चालू कामांचा अखर्चित निधी पुढच्या वर्षात ओढण्याची मुभा द्यावी आणि मार्चमधील खर्चाची मर्यादा काटेकोरपणे पाळावी.

– एक निवृत्त लेखापरीक्षक, लातूर