बाळंतिणीचे वजन आणि बाळाचे दूध

आपल्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना दोन माणसांचे जेवण वाढतात आणि चौथ्या महिन्यात तिच्या पोटाकडे बघून "बाई गं, किती सुटलीस!" असे म्हणतात. वाढणारी आणि म्हणणारी माणसे बहुधा एकच असतात. बोलणे मनाला लागते आणि मग ती मुलगी कोणाला न सांगता रात्रीचे जेवण सोडते, कोणाच्या तरी सांगण्यावरून सकाळी नुसते लिंबू-मध-पाणी घेते, नाहीतर सरळ बाळाला अंगावरून तोडून डब्याच्या दुधावर घालते. का, तर "अंगावर पाजताना डाएट करता येत नाही ना, डॉक्टर!"

धाटाव आणि रोह्याच्या परिसरात पूर्वी बाळंतिणी "दूध पुरत नाही" म्हणून दवाखान्यात येत. आता त्याच तक्रारीला "वजन कमी होत नाही" याची जोड मिळाली आहे. कित्येकदा या दोन्ही तक्रारी एकाच बाईच्या असतात आणि पहिलीचे मूळ दुसरीच्या उपायात सापडते. म्हणून या आठवड्यात या विषयावर थोडे सविस्तर लिहितो. माझे मत आधीच सांगून टाकतो. अंगावर पाजत असताना वजन उतरवता येते आणि बाळाच्या दुधाला धक्का न लावता उतरवता येते. पण त्याला वेळ लागतो आणि तो वेळ घरच्यांनी त्या मुलीला द्यायला हवा.

वाढलेले वजन कशाचे?

गरोदरपणात साधारणपणे १० ते १२ किलो वजन वाढते. बाळ, वार आणि गर्भजल मिळून त्यातले पाच-सहा किलो बाळंत होताच उतरते. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत अंगात साठलेले पाणी निघून जाते, गर्भाशय आकसते आणि आणखी थोडे वजन कमी होते. मागे उरते ती तीन-चार किलो चरबी. ही चरबी निसर्गाने दुधासाठी बाजूला ठेवलेली पुंजी असते. निव्वळ अंगावर पाजणारी आई रोज सुमारे पाऊण लिटर दूध देते. त्यासाठी तिला पहिले सहा महिने रोज सुमारे ६०० आणि पुढचे सहा महिने ५२० जादा उष्मांक लागतात, असे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे प्रमाण आहे. यातला काही भाग या पुंजीतून जातो. म्हणजे नीट पाजणाऱ्या आणि बेताने जेवणाऱ्या आईचे वजन आपसूक हळूहळू उतरायला हवे.

मग ते का उतरत नाही? हिशेब करून पाहा. डिंकाच्या एका मोठ्या लाडवात दीडशे ते दोनशे उष्मांक सहज असतात. पोह्याच्या चमच्याने तीन चमचे तूप म्हणजे आणखी चारशेच्या आसपास. सकाळी दोन लाडू, वाटीभर शिरा आणि भातावर तुपाची धार, एवढ्यातच सहाशे उष्मांकांची सवलत संपते आणि जेवण अजून व्हायचेच असते. त्यावर "उठू नकोस, वाकू नकोस" अशी सक्त ताकीद. वजन वाढले नाही तरच नवल.

लाडू वाईट असे मी म्हणत नाही. अळिवात लोह आहे. खोबरे आणि डिंक यांनी अशक्त बाईच्या अंगी बळ येते. ज्या काळी बाई लावणीच्या चिखलातून उठून बाळंतपणाला जात होती आणि दीड-दोन महिन्यांत परत शेतावर उभी राहत होती, त्या काळी हा आहार शहाणपणाचा होता. आज गॅसवर स्वयंपाक, नळाला पाणी आणि दिवसभर बैठक अशा घरात तोच आहार त्याच मापाने दिला, तर तो अंगावर चढतो.

आधी ठरवा, वजन खरोखर जास्त आहे का?

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या शंभर स्त्रियांमागे सुमारे २१ जणी कृश आढळल्या, सुमारे २३ जणी स्थूल आणि सुमारे ५४ जणींच्या अंगात रक्त कमी. आपल्या तालुक्यात ही दोन्ही टोके हाकेच्या अंतरावर दिसतात. कॉलनीत राहणाऱ्या बाळंतिणीला वजन कमी करायचे असते आणि जवळच्याच कातकरी वाडीवर बाळंतिणीला दोन वेळ पोटभर मिळण्याची भ्रांत असते. वाडीवरच्या त्या भगिनीसाठी वजन उतरवण्याचा सल्ला नाही. तिला अंगणवाडीचा आहार नियमित मिळावा आणि तिच्या वाट्याचा तिच्याच पोटात जावा, हे पाहायला हवे.

साधे माप सांगतो. आपल्या लोकांत पाच फूट उंचीच्या बाईचे वजन ४३ ते ५३ किलोच्या दरम्यान असले तर ते ठीक समजावे. ५५ किलो असलेल्या बाईने अंगावर पाजताना काळजी करत बसू नये. ६२-६५ असेल तर पुढचा मजकूर तिच्यासाठी आहे.

घाई नको, पण भीतीही नको

अमेरिकेतील उत्तर कॅरोलिनात झालेला एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. वजन जास्त असलेल्या आणि अंगावर पाजणाऱ्या ४० माता त्यात होत्या. बाळे चार आठवड्यांची असताना अभ्यास सुरू झाला आणि तो दहा आठवडे चालला. एका गटाने रोजच्या आहारातून ५०० उष्मांक कमी केले आणि आठवड्यातून चार दिवस पाऊण तास व्यायाम केला. या मातांचे वजन आठवड्याला साधारण अर्धा किलो या गतीने, सरासरी ४.८ किलोने उतरले. दुसऱ्या गटाचे एक किलोसुद्धा उतरले नाही. महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. दोन्ही गटांतल्या बाळांचे वजन आणि लांबी सारखीच वाढली.

यावरून दोन गोष्टी घ्याव्यात. अंगावर पाजताना वजन उतरवणे बाळाला घातक नाही, ही एक. आणि सुरक्षित गती आठवड्याला अर्धा किलो, त्याहून जास्त नाही, ही दुसरी. मात्र त्या माता मुळात धडधाकट होत्या आणि त्यांच्यावर तज्ज्ञांचे लक्ष होते. आपल्याकडे निम्म्या बायकांच्या अंगात रक्त कमी. म्हणून मी पहिले दोन महिने वजनाचे नावही काढू देत नाही. टाके भरू द्यावेत, दूध बसू द्यावे. त्यानंतर रोजचे तीनशे उष्मांक कमी केले तरी पुरे. आणि एकूण आहार १८०० उष्मांकांच्या खाली जाऊ देऊ नये.

काय कमी करायचे, काय नाही

कमी करायचे ते असे. लाडू दिवसाला एक, तोही लहान. तूप दिवसभरात दोन छोटे चमचे. चहा दोन वेळा, साखर निम्मी. चहाबरोबरची खारी, टोस्ट, बिस्किटे आणि संध्याकाळी फॅक्टरी सुटल्यावर घरी येणारा वडापाव, फरसाण बंद. एवढ्यानेच तीनशे उष्मांक निघतात.

भाकरी, डाळ, भाजी, ताक आणि मासळी यांना हात लावायचा नाही. नाचणीची भाकरी किंवा आंबील रोज असावी. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास चुना, म्हणजे कॅल्शियम असते आणि पाजणाऱ्या आईला रोज १२०० मिलिग्रॅम लागते. आपल्या रायगडचे वाल, कुळथाचे पिठले, मुगाची आमटी, अंडे, मांदेली-बोंबलाचे कालवण ही सारी प्रथिनांची स्वस्त आणि चांगली साधने आहेत. वालाने बाळाचे पोट दुखते म्हणून आईचे वाल बंद करण्याची गरज बहुतेक घरांत नसते. मासळी तळण्यापेक्षा कालवणात घालावी. भात एका वेळी एक वाढी, सोबत पालेभाजी दोन वाढ्या. पाणी तहानेप्रमाणे. बाळंतिणीचे पाणी तोडण्याची जुनी रीत आपल्या दमट उन्हाळ्यात तर अगदीच चुकीची आहे.

उपवासांबद्दल स्पष्ट लिहितो. सोमवार, चतुर्थी, नवरात्राचे नऊ दिवस हे श्रद्धेचे विषय आहेत, पण वजन उतरवण्याची युक्ती म्हणून ते कुचकामी आहेत. साबुदाण्याच्या खिचडीत उष्मांक भरपूर आणि प्रथिने नावापुरती. म्हणजे वजन तिथेच राहते आणि आई तेवढी अशक्त होते. लेकरू अंगावर असताना उपवास पुढच्या वर्षावर टाकावेत.

शाकाहारी घरांनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. त्यात तीनपैकी दोन स्त्रियांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी आढळले. हे जीवनसत्त्व दूध, अंडी आणि सामिष आहारातून मिळते. शाकाहारी बाई 'डाएट' म्हणून दूध-दही सोडते, तेव्हा तिच्या दुधातले ब-१२ आणखी घटते. बाळ मलूल होते, हसू-बोलू लागलेले मूल ते विसरू लागते, हातापायांना कंप सुटू शकतो. तेव्हा साय काढून का होईना, दूध-दही चालू ठेवावे आणि ब-१२ च्या गोळीबद्दल डॉक्टरांना विचारावे. सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या बाळंतपणानंतर १८० दिवस घ्यायच्या असतात. त्या फडताळात पडून राहू नयेत.

चालणे आणि पोटपट्टा

पोटपट्ट्याने कमरेला आधार वाटतो, पण चरबी वितळत नाही. साधी बाळंतीण असेल तर बरे वाटू लागताच दहा मिनिटे चालायला सुरुवात करावी आणि हळूहळू अर्धा तास करावा. सिझेरियन झाले असेल तर सहा आठवड्यांनी, डॉक्टरांना दाखवून. एमआयडीसीच्या रस्त्यावर टँकरच्या वर्दळीत जाण्याची गरज नाही. अंगण, गच्ची, गावातला आतला रस्ता पुरतो. लघवी रोखल्याप्रमाणे खालचे स्नायू आवळून धरण्याचा व्यायाम दिवसातून तीन वेळा दहा-दहादा करावा. खोकताना-शिंकताना लघवी सुटण्याची तक्रार त्याने कमी होते. व्यायामाने दूध आंबते ही समजूत खोटी आहे. फक्त बाळाला पाजून मग चालायला जावे, म्हणजे छाती जड वाटत नाही आणि बाळही शांत झोपते.

या वाटेला जाऊ नका

वजन उतरवण्याची चूर्णे, काढे आणि पावडरी फोनवरच्या जाहिराती पाहून मागवल्या जातात. औषधाने लठ्ठपणा बरा करण्याची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानेच मनाई आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. कित्येक चूर्णांत सोनामुखीसारखी जुलाबाची द्रव्ये असतात. त्याने पाणी जाते, चरबी जागच्या जागी राहते. सिब्युट्रामिन या गोळीवर तर हृदयाच्या धोक्यामुळे २०११ साली आपल्या देशात बंदी घालावी लागली. २०२५ साली आपल्याकडे वजनासाठी आलेली नवी इंजेक्शनेही पाजणाऱ्या आईने घेऊ नयेत, कारण अंगावरच्या बाळावर त्यांचा परिणाम पुरेसा तपासलेला नाही.

आणि वजनासाठी बाळाला अंगावरून तोडणे हा तर उफराटा न्याय. दुधावाटे रोज शेकडो उष्मांक खर्च होत असताना तो खर्च बंद करायचा आणि मग उपाशी राहायचे! शिवाय डब्याचा खर्च, बाटलीची अस्वच्छता आणि बाळाचे जुलाब पदरात पडतात ते वेगळेच. पहिले सहा महिने निव्वळ अंगावरचे दूध आणि पुढे वरच्या अन्नासोबत दोन वर्षांपर्यंत अंगावर पाजणे, हेच योग्य.

नीट वागूनही वजन हलत नसेल, थकवा, केस गळणे, अंगावर सूज, सतत उदास वाटणे असे काही असेल, तर थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. गरोदरपणात साखर वाढली होती त्यांनी बाळंतपणानंतर सहा ते बारा आठवड्यांत साखर पुन्हा तपासावी. ही तपासणी बहुतेक जणी विसरतात.

घरच्यांसाठी

सासूबाईंना आणि माहेरच्या आईला माझी विनंती आहे की ताटात आग्रहाने वाढू नका आणि चार माणसांत तिच्या अंगावर बोलू नका. नवऱ्याने अर्धा तास बाळ सांभाळले तर तिला चालायला जाता येते. वजन चढायला नऊ महिने लागले, ते उतरायला नऊ महिने ते वर्ष लागू द्या.

वजनाचा काटा पंधरा दिवसांतून एकदाच पाहावा. महिन्याला दोन किलोपेक्षा जास्त उतरत असेल तर खाणे वाढवावे. आणि आईच्या काट्याआधी बाळाचा काटा पाहावा. पहिल्या तीन महिन्यांत बाळाचे वजन रोज सरासरी २५ ते ३० ग्रॅमने वाढते, पाचव्या महिन्यापर्यंत जन्माच्या दुप्पट होते आणि पोटभर दूध मिळणारे बाळ दिवसातून सहा किंवा जास्त वेळा लघवी करते. अंगणवाडीच्या तक्त्यावर बाळाची रेघ वर जात असेल तर तुमचे बेताचे जेवण बरोबर चालले आहे. रेघ आडवी झाली, तर त्याच दिवशी डाएट थांबवा, पोटभर जेवा आणि बाळाला घेऊन डॉक्टरांकडे जा.