मागणी

‘मागणी’ हा आपल्या भाषेतला मोठा गमतीचा शब्द आहे. बाजारात लोखंडाला मागणी असते आणि घरातल्या उपवर मुलीलाही मागणी येते. पण तोंडाने करायची एक तिसरी मागणी असते, आणि तिथेच घोडे अडते.

जालन्याचेच पाहा ना! ‘जालना सोने का पालना’ असे जुने लोक म्हणत. आता तो पाळणा पोलादाचा झाला आहे. एमआयडीसीत भंगार वितळते, त्याच्या सळया होतात. भट्ट्यांवर पार उत्तर प्रदेश-बिहारकडून आलेली माणसे राबतात, एकेका खोलीत पाचपाच जण राहतात. त्यांच्यात, आणि बियाण्यांच्या कंपन्यांत, कचेऱ्यांत, तुमच्याआमच्या घरांतही, समलिंगी पुरुष असणारच. ते काही केवळ मुंबईतच जन्माला येत नाहीत!

एचआयव्हीची लागण होऊच नये म्हणून अशांना घेता येईल अशी एक गोळी आहे. तिला ‘प्रेप’ म्हणतात. टेनोफोविर आणि एम्ट्रिसिटाबिन ही तिच्यातली औषधे. अमेरिकेने २०१२ साली तिला मान्यता दिली. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने, ज्यांना धोका अधिक त्या सर्वांसाठी तिची शिफारस केली. नेमाने घेतल्यास शरीरसंबंधातून लागण होण्याचा धोका सुमारे ९९ टक्के घटतो. बरे, ती विलायतेहून आणायची असेही नाही. आपल्याच देशातले कारखाने ती बनवतात.

मग अडते कुठे? एक तर पैशात. लागण झालेल्याला सरकार २००४ सालापासून औषध फुकट देते, आणि ते योग्यच आहे. पण लागण टाळू पाहणाऱ्याला बहुधा पदरचेच पैसे मोजावे लागतात. म्हणजे घर जळाल्यावर पाण्याचा बंब फुकट, आधी घागर हवी असेल तर विकत!

दुसरी अडचण शब्दांची. गोळीआधी एचआयव्हीची, मूत्रपिंडाची, काविळीच्या ‘बी’ विषाणूची तपासणी लागते, आणि पुढे दर तीन महिन्यांनी एचआयव्हीची चाचणी. म्हणजे वर्षातून चारदा डॉक्टरांपुढे बसणे आले. डॉक्टर विचारणार, “लग्न झालंय का?” त्यावर या मुलाने काय बोलावे? ‘समलिंगी’ हा शब्द पुस्तकातला. बोलण्यातले बाकीचे शब्द बहुतेक शिव्याच. पुण्याच्या समपथिक ट्रस्टचे बिंदुमाधव खिरे यांनी या विषयावर मराठीतून लिहिले, हे त्यांचे मोठेच काम. मुंबईत हमसफर ट्रस्ट १९९४ पासून आहे. पण जालन्याहून मुंबई चारशेक किलोमीटर, आणि गल्लीतला औषधवाला काकांचा दोस्त! ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे प्रेम गुन्ह्यातून सोडवले. औषधवाल्याच्या भुवईपर्यंत न्यायालयाचा हात कसा पोचावा?

इकडे घरचे त्याच्यासाठी मुली पाहत असतात. तो गप्प राहतो, बोहल्यावर चढतो, आणि धोका आता दोघांचा होतो. त्या सुनेला तर गोळीचे नावही ठाऊक नसते.

आता सहा महिन्यांतून एकदा टोचायचे लेनाकापाविर हे इंजेक्शन आले आहे. हैदराबादच्या दोन कंपन्या २०२७ पासून ते गरीब देशांसाठी वर्षाला सुमारे ४० डॉलरांत देणार, असे २०२५ साली जाहीर झाले. तसे झाले तर दिवाळीला एकदा आणि अक्षय्य तृतीयेला एकदा, एवढेच तोंड उघडावे लागेल. तोवर १०९७ ही राष्ट्रीय एड्स हेल्पलाइन आहे; तिला पैसे पडत नाहीत, आणि तिकडून बोलणारा काकांचा दोस्त नसतो.