श्रीमंताची मुक्ति आणि कुळाचा हिशेब

पैसा असला म्हणजे परलोकही साधतो, ही समजूत आमच्या लोकांत फार खोल रुजलेली आहे. वर्षभर कुळाला नाडावें, मापांत मारावें, व्याजावर व्याज चढवावें, आणि उतारवयांत देवळाला कळस चढवून पुण्यवान म्हणवून घ्यावें, हा रिवाज कोणाला ठाऊक नाहीं? कळसाखालीं देणाऱ्याचें नांव कोरलें जातें. ज्यांच्या भाताच्या पैशांतून तो कळस घडला त्यांचीं नांवें मात्र कोठेंच नसतात.

या प्रश्नावर ख्रिस्ती शास्त्र काय म्हणतें, हें आमच्या शेतकरी व कारागीर बंधूंनीं एकदां पाहून घेण्यासारखें आहे. कोणी लगेच बाटवाबाटवीची ओरड करूं नये. रत्नागिरी जिल्ह्याला हा विषय परका नाहीं. १८२३ सालीं स्कॉटिश मिशनऱ्यांनीं आपलें काम सुरू केलें तें आमच्याच बाणकोट-हर्णैच्या किनाऱ्यावर. महात्मा जोतीराव फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकले. त्यांनीं धर्म बदलला नाहीं, पण घेण्यासारखें तें बेधडक घेतलें. आम्हीही तेंच करावें.

येशूकडे एक श्रीमंत तरुण आला आणि सार्वकालिक जीवनासाठीं काय करूं, असें विचारूं लागला. धर्माच्या आज्ञा त्यानें लहानपणापासून पाळल्या होत्या. येशूनें सांगितलें, आहे तें विकून गरिबांना वांट आणि माझ्यामागें ये. तरुण खिन्न होऊन निघून गेला. तेव्हां येशू शिष्यांना म्हणाला कीं, उंट सुईच्या नेढ्यांतून जाणें एक वेळ सोपें, पण श्रीमंताचा देवाच्या राज्यांत प्रवेश कठीण. पुढें लोकांनीं यांतूनही पळवाट काढली. जेरुसलेम शहराला सुईचें नेढें नांवाचा एक लहान दरवाजा होता आणि उंट गुडघे टेकून त्यांतून आंत जाई, असा अर्थ सांगूं लागले. तसा दरवाजा असल्याचा कांहीं पुरावा नाहीं. श्रीमंताला सोयीचा अर्थ काढून देणारा शास्त्री प्रत्येक धर्मांत मिळतो, एवढेंच यावरून सिद्ध होतें.

मग श्रीमंताला मुक्ति नाहींच काय? आहे, आणि ती कशी मिळते तें जक्कयाच्या गोष्टींत सांगितलें आहे. यरीहो गांवचा हा जक्कय जकातदारांचा मुख्य होता. सरकारचें देणें वसूल करावयाचें आणि वर निघेल तें आपल्या घशांत घालावयाचें, असा त्या धंद्याचा लौकिक होता. आमच्या आजोबांना हा माणूस ओळखण्यास वेळ लागला नसता. अर्धेल-तिर्धेलीनें भात नेणारा, वर वेठबिगार घेणारा खोत त्यांनीं उभा आयुष्यभर पाहिला होता. ती खोती मोडण्यासाठीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं १९३७ सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत बिल आणलें, १९३८ च्या जानेवारींत कोंकणचे शेतकरी मोर्चानें मुंबईस गेले, आणि अखेर १९४९ च्या कायद्यानें ती गेली.

त्या जक्कयाच्या घरीं येशू पाहुणा म्हणून गेला. जक्कय उभा राहिला आणि म्हणाला कीं, माझें अर्धें धन गरिबांना देतों, आणि ज्याला फसवून घेतलें असेल त्याला चौपट परत करतों. तेव्हां येशूनें सांगितलें कीं, आज या घरीं तारण आलें. यांतील मर्म ध्यानांत घ्या. जक्कयानें यज्ञ केला नाहीं, देऊळ बांधलें नाहीं, कोणाला भोजन घातलें नाहीं. त्यानें खातेवही उघडली. दान आणि परतफेड या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. दान देणारा हात वर असतो आणि घेणारा खालीं. परतफेडींत मात्र देणारा कबूल करतो कीं, हें माझें नव्हतेंच. म्हणूनच आमचे सावकार दानाला लवकर तयार होतात आणि परतफेडीचें नांव काढतांच त्यांना कापरें भरतें.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. पैसा हेंच पाप, असें ख्रिस्ती शास्त्र म्हणत नाहीं. पौलानें तीमथ्याला लिहिलेल्या पत्रांत दोष दिला आहे तो पैशाच्या लोभाला. जोतीराव स्वतः ठेकेदार होते. खडकवासल्याच्या धरणाला त्यांनीं बांधकामाचा माल पुरविला. घामाचा पैसा मिळवावा आणि तो समाजाच्या कामीं लावावा, यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. तसेंच, पैसे वांटून मुक्तीची पावती मिळते, असेंही तें शास्त्र म्हणत नाहीं. शिमोन नांवाच्या जादूगारानें प्रेषितांपुढें पैसे ठेवून देवाचें सामर्थ्य विकत मागितलें, तेव्हां पेत्रानें त्याला कडक शब्दांत झिडकारलें. तारण ही देवाची कृपा. तिचा बाजारभाव नाहीं.

पण गुरूनें झिडकारलेला बाजार शिष्यांनीं मांडला, हेंही सांगितलें पाहिजे. १५१७ च्या सुमारास जर्मनींत पापाच्या शिक्षेंतून सूट देणारीं पत्रें विकलीं जात, आणि तो पैसा रोमच्या मोठ्या चर्चच्या बांधकामाकडे जाई. मार्टिन लूथर त्याविरुद्ध उठला आणि ख्रिस्ती जगाचीं दोन शकलें झालीं. शेजारच्या गोव्यांत सोळाव्या शतकांत देवळें पाडून त्यांच्या जमिनींचें उत्पन्न चर्चकडे वळविण्यांत आलें. जेझुइट साधू दारिद्र्याचें व्रत घेत, पण त्यांचा पंथ मोठा जमीनदार बनला. १७५९ सालीं पोर्तुगालच्या सरकारनें त्यांना घालवून दिलें, तेव्हां त्यांची मिळकत सरकारजमा झाली. आणि आजकाल अमेरिकेंतून निघालेला एक नवा उपदेश जगभर फिरतो आहे. त्याचे उपदेशक सांगतात कीं, आम्हांला द्या म्हणजे देव तुम्हांला दामदुपटीनें देईल. आमच्या बुवाबाजीहून यांत निराळें काय आहे? भटजी असो, पाद्री असो कीं बुवा असो, देव आणि माणूस यांमध्यें गल्ला ठेवून बसलेला इसम दिसला कीं आपली कनवट सांभाळावी.

कोणी विचारील, लोभ सोडा हा उपदेश गरिबाला गप्प बसविण्यासाठींच नाहीं काय? त्याचा तसा उपयोग पुष्कळांनीं केला, हें खरें. परंतु मूळ ग्रंथांत खडे बोल आहेत ते श्रीमंताला. याकोबाच्या पत्रांत स्पष्ट म्हटलें आहे कीं, शेत कापणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरीच धन्याविरुद्ध ओरडते आणि तें गाऱ्हाणें देवाच्या कानीं पोंचतें. आंब्याच्या बागेंत रात्रंदिवस राखण करणाऱ्या नेपाळी गड्याचा पगार, किंवा बोटीवरील खलाशाचा हिशेब अडवून ठेवणाऱ्यांनीं हें वाक्य विसरूं नये. गरिबानें संतोष मानावा, पण आपली मजुरी सोडावी असें त्यांत कोठेंही नाहीं. २०१४ च्या सावकारी कायद्यांत, अवैध सावकारानें बळकावलेली जमीन परत मिळविण्याची सोय आहे. सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करतां येतो. जक्कय आपण होऊन उभा राहत नसेल, तर त्याला कायद्यानें उभा करावा.

आतां खोत गेला, पण लोभ गेला काय? १९९८ सालीं कोंकण रेल्वे पुरी सुरू झाली, मुंबईचा पैसा खाडीपर्यंत आला, आणि ज्या कातळाला कोणी विचारीत नव्हतें त्याला दलाल भाव सांगूं लागले. सातबाऱ्यावर वीस-वीस नांवें, आणि भाऊ भावाला ओळखीनासा झाला. १९९४ सालीं महाराष्ट्रानें आणि २००५ सालीं दिल्लीच्या कायद्यानें मुलींना वडिलार्जित मिळकतींत मुलांबरोबरीचा हक्क दिला. तरीही गणपतीला माहेरीं आलेल्या बहिणीपुढें हक्कसोडाचा कागद ठेवणारे भाऊ आमच्यांतच आहेत. हे भाऊ कोणी खोत नव्हेत, सावकार नव्हेत. कुळांचेच नातू आहेत!

येशूपुढें असाच एक भाऊबंदकीचा तंटा आला होता. वांटणी करून देण्याचें त्यानें साफ नाकारलें आणि एका शेतकऱ्याची गोष्ट सांगितली. त्याला पीक उदंड आलें. जुनीं कोठारें मोडून मोठीं बांधूं, मग वर्षानुवर्षें खाऊं-पिऊं, असें त्यानें ठरविलें, आणि त्याच रात्रीं त्याचा जीव गेला. जमविलेलें कोणाचें झालें?

या जिल्ह्यांतील करजगांवीं जन्मलेले नारायण वामन टिळक १८९५ सालीं ख्रिस्ती झाले. जन्मानें चित्पावन ब्राह्मण; पण चांगला कित्ता कोणाच्या घरचा असला तरी गिरवावा. १९१७ सालीं त्यांनीं मिशनची नोकरी सोडली, संन्यासवृत्ति पत्करली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही त्यांत जागा होती. १९१९ सालीं ते वारले. मिशनचा बांधलेला पगार सोडून देणारा धर्मोपदेशक आमच्या मातींत निपजला, ही अभिमानाची गोष्ट आहे.

प्रत्येकानें टिळकांसारखा संन्यास घ्यावा, असें आमचें म्हणणें नाहीं. मुलेंबाळें असलेल्या घराला तें परवडणारेंही नाहीं. पण जक्कयाचा धडा प्रत्येक घराला लागू आहे. शेतकरी बंधूंनो, यंदा नवस फेडण्यापूर्वीं घरांतील हिशेब आधीं फेडा. बहिणीचा वांटा, गड्याची मजुरी, सुताराचें, कुंभाराचें राहिलेलें देणें, शेजाऱ्याच्या बांधांतून सरकवलेली हातभर जमीन, हें सर्व ज्याचें त्याला पोंचवा. मग उरेल त्यांतून देवाला खुशाल नारळ फोडा. तो नारळ तुमचा स्वतःचा असेल.