यंत्र हलके, हात जड

या सदरात आजवर आम्ही बहुधा घरातल्याच दुखण्यांचा परामर्श घेतला. या खेपेचा विषय जरा दूरदेशीचा आहे. परंतु तोही अखेरीस आपल्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीच येऊन थांबतो, हे वाचकांच्या ध्यानात येईल.

धातुशोधक यंत्र, म्हणजे मेटल डिटेक्टर, आपल्या ओळखीचे आहे ते रेल्वे स्थानकाच्या किंवा मोठ्या दुकानाच्या दारात पहारेकऱ्याच्या हाती असलेल्या दांडक्याच्या रूपाने. इंग्लंडमध्ये मात्र लांब दांड्याचे, टोकाला ताटलीएवढी तबकडी असलेले यंत्र घेऊन शेतांतून आणि समुद्रकिनाऱ्यावरून जुनी नाणी, अंगठ्या, बकले शोधीत हिंडणे हा हजारो लोकांचा सुटीचा छंद आहे. आपल्यापैकी कित्येकांची मुले-नातवंडे आता तिकडे स्थायिक झाली आहेत. त्यांच्याकडे चार-सहा महिने राहावयास गेलेल्या आजोबांना एखाद्या शेजाऱ्याने आपल्याबरोबर शेतात नेले, तर त्यात नवल नाही. मोकळी हवा, पायांना चालणे, मनाला कुतूहल. उतारवयात याहून अधिक काय हवे? अडचण उद्भवते ती दोन-चार दिवसांनी. कोपराच्या बाहेरच्या अंगाला कळ येऊ लागते, खांदा भरून येतो, आणि सकाळी चहाचा कप उचलतानाही हात कापू लागतो. मग यंत्र माळ्यावर जाते आणि आजोबा पुन्हा दूरदर्शनसमोर बसतात.

पुढे जाण्यापूर्वी एक खुलासा केलेला बरा. हा छंद तिकडचा आहे आणि तो तिकडेच करावा. तेथेही जमीनमालकाची परवानगी लागते, संरक्षित स्थळी यंत्र नेण्यास मनाई आहे, आणि १९९६ च्या कायद्यानुसार निधी ठरू शकेल अशी वस्तू सापडल्यास चौदा दिवसांच्या आत कळवावे लागते. आपल्याकडे १८७८ चा निखात निधीचा कायदा आहे. जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक मोलाच्या निधीची लेखी वर्दी जिल्हाधिकाऱ्यांस देणे त्याने बंधनकारक केले आहे. तेव्हा सुटीत गावाकडे आल्यावर जुन्या गढीच्या किंवा पडक्या देवळाच्या आवारात यंत्र फिरविण्याचा मोह कोणीही धरू नये.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. धातू हुडकणाऱ्या यंत्राचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरात रुतलेली गोळी शोधण्यासाठी टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी असे यंत्र वापरून पाहिले. त्यास यश आले नाही. दुसऱ्या महायुद्धात पोलिश अधिकारी योझेफ कोसात्स्की यांनी स्कॉटलंडमध्ये सुरुंग शोधण्याचे यंत्र तयार केले आणि १९४२ मध्ये एल अलामेनच्या रणांगणावर ते उपयोगी पडले. त्याचे वजन सुमारे चौदा किलो होते. आजचे छंदाचे यंत्र बहुधा एक ते दीड किलोचे असते. सैनिकाने चौदा किलो पेलले, मग आपला हात दीड किलोने का मोडून यावा?

याचे उत्तर तराजूत आहे. बाजारहाटाच्या पिशवीत दीड किलो बटाटे असले, तर ती पिशवी हाताखाली सरळ लोंबते आणि आपल्याला तिचे काही वाटत नाही. परंतु तेच वजन हातभर लांब काठीच्या टोकाला बांधून काठी आडवी धरून पाहावी, म्हणजे मनगट लगेच हार मानते. धातुशोधकाचे असेच आहे. समजा, तबकडी आणि पुढचा दांडा मिळून अर्धा किलोचा भार मुठीच्या पुढे नव्वद सेंटीमीटरवर आहे. यंत्राच्या मागच्या टोकाला हात टेकविण्यासाठी एक खोबण असते. ती मुठीच्या मागे तीस सेंटीमीटरवर, कोपराजवळ येते. मूठ हा टेकू झाला. पुढचे अंतर मागच्याच्या तिप्पट, म्हणून पुढचा अर्धा किलो तोलून धरण्यासाठी मागे कोपराजवळ दीड किलोचा दाब सतत द्यावा लागतो, आणि मुठीवर या दोहोंची बेरीज, म्हणजे दोन किलो येतात. अर्ध्या किलोचे दोन किलो झाले ते केवळ अंतराने. त्यात हा भार स्थिर नाही. तो मिनिटामागून मिनिट डावीकडून उजवीकडे झुलवावयाचा असतो, आणि प्रत्येक टोकाला थांबवून उलटा फिरवावयाचा असतो.

दुसरे कारण मुठीचे. मनगट वर उचलणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडाला एका चिवट दोरीने जोडलेले असतात; तिला कंडरा म्हणतात. आपण मूठ घट्ट आवळतो तेव्हा मनगट सावरण्यासाठी हे स्नायूही ताठ होतात. तासन्‌तास ते सैल पडलेच नाहीत, तर कंडरेच्या मुळाशी ताण साचत जातो. यातून जे दुखणे जडते त्याला 'टेनिस एल्बो' असे नाव आहे, पण ते भोगणाऱ्यांपैकी बहुतेकांनी टेनिसची रॅकेट कधी हाती धरलेली नसते. स्नायू थोड्या आठवड्यांच्या सवयीने बळकट होतात. कंडरा मात्र फार सावकाश तयार होते. म्हणूनच 'मला दम लागत नाही, हात थकत नाही' म्हणणारा उत्साही माणूसच पहिल्या महिन्यात जायबंदी होतो.

कारणे कळली की उपाय आपोआप सुचतात. पहिला उपाय असा की, भार शरीराजवळ आणावा. ताठ उभे राहून, खांदा सैल सोडून, कोपर किंचित वाकवून यंत्र धरले असता तबकडी पायाच्या बोटांपुढे हात-दीड हातावर जमिनीलगत यावी, एवढीच दांड्याची लांबी ठेवावी. दांडा लांब असला तर भार पुढे जातो, आखूड असला तर कंबर वाकते. मूठ आणि खोबण यांतील अंतर बदलता येत असेल, तर खोबण कोपराच्या अगदी लगत घ्यावी. ज्या यंत्रात विद्युतघट मागच्या टोकाला असतात, ती पुढचा भार आपोआप तोलतात; म्हणून विकत घेताना नुसत्या वजनाचा आकडा न पाहता यंत्र हाती धरून पाच मिनिटे झुलवून पाहावे. मोठी तबकडी खोलवर शोध घेते हे खरे, पण तिचा प्रत्येक शंभर ग्रॅम दांड्याच्या टोकाला बसतो; नवख्याने लहानच वापरावी. यंत्र जड असेल, तर खांद्यावरून घेतलेल्या पट्ट्याला लवचिक दोरीने दांडा अडकविण्याची सोय मिळते. तिने भार हातावरून निघून धडावर जातो, आणि हाताकडे फक्त दिशा देण्याचे काम उरते.

दुसरा उपाय मुठीला सैल ठेवण्याचा. लहान पाखरू धरावे इतक्या हलक्या हाताने मूठ धरावी आणि मनगट सरळ ठेवावे. मूठ बारीक असली की बोटे ती अधिक आवळतात. म्हणून तिच्यावर सायकलच्या मुठीला गुंडाळतात तसली मऊ पट्टी गुंडाळून ती जाड करून घ्यावी. दर काही मिनिटांनी बोटे पसरून मोकळी करावीत.

तिसरा उपाय झुलविण्याच्या रीतीचा. केरसुणी मारतो तसे मनगटाच्या झटक्याने यंत्र फिरवू नये. खांदा, कंबर आणि पाय यांनी मिळून ते संथपणे वळवावे, आणि झोका आपल्या खांद्यांच्या रुंदीहून थोडाच मोठा ठेवावा. लांबलचक झोक्याने अधिक जमीन पाहून होते हा समज फसवा आहे; टोकाशी तबकडी वर उचलली जाते आणि तेवढा शोध वाया जातो. शोध आणि सांधा या दोहोंनाही संथपणाच मानवतो.

चौथा उपाय वेळेचा. पहिल्या दिवशी अर्धा तास पुरे. दुसऱ्या दिवशी सकाळी हात नेहमीसारखा असला, तरच वेळ थोडा वाढवावा. दर वीस-पंचवीस मिनिटांनी यंत्र खाली ठेवून खांदे गोल फिरवावेत, आणि शक्य असेल त्याने डाव्या हाताचीही सवय करावी. आरंभी अवघड वाटते, पण आठ-दहा दिवसांत तो हात शिकतो. दुखू नये म्हणून आधीच वेदनाशामक गोळी घेऊन निघणे हा मात्र शुद्ध अविचार होय. वेदना ही घरातली जागल्याची हाक आहे. जागल्याच्या तोंडात बोळा कोंबल्याने चोर परत जात नाही.

पाचवी गोष्ट खणण्याची. पुष्कळदा दोष यंत्राला दिला जातो आणि दुखणे असते कुदळीचे. दिवसाकाठी तीस-चाळीस वेळा गुडघे टेकून उठावयाचे, तर कंबर आणि गुडघे यांची गत काय होईल हे निराळे सांगावयास नको. छोट्या खुरप्याने मनगट पिळवटून माती उकरण्यापेक्षा लांब दांड्याचे, धारदार फावडे पायाने दाबून माती उचलावी. भार पायावर जातो. गुडघ्यांना जाड गादीचे पट्टे बांधावेत. उठताना एक पाय पुढे रोवून, फावड्याचा आधार घेऊन उठावे. उन्हाने दगड झालेल्या जमिनीशी झुंजण्यापेक्षा पाऊस पडून गेल्यावर यावे.

घरी करावयाचा व्यायाम सोपा आहे. मेजावर हात टेकवून पंजा कडेबाहेर, तळवा खाली, असा ठेवावा. हातात पाण्याने भरलेली अर्ध्या लिटरची बाटली घ्यावी. दुसऱ्या हाताने पंजा वर उचलून द्यावा आणि मग तो स्वतःच्या बळावर अगदी सावकाश खाली येऊ द्यावा. असे दहा-बारा वेळा, एक दिवसाआड. किंचित ओढ जाणवली तर चालेल. दुसऱ्या दिवसापर्यंत टिकणारे दुखणे चालणार नाही.

इतके करूनही कोपर धरलेच, तर घाबरू नये. हे दुखणे बहुधा काही महिन्यांत, क्वचित वर्षभरात, आपले आपण ओसरते. हात पूर्ण बांधून ठेवण्यापेक्षा त्रासदायक काम तेवढे कमी करून हलका वापर चालू ठेवणे हितकर. स्टेरॉइडच्या इंजेक्शनाने काही आठवडे चटकन बरे वाटते, परंतु पुढे दुखणे उलटण्याचा संभव वाढतो, हे ध्यानात ठेवूनच वैद्यांशी विचारविनिमय करावा. अंगठा आणि त्याशेजारची बोटे रात्री बधिर होत असतील, मानेतून हातात कळ उतरत असेल, किंवा हात पाठीमागे नेता येईनासा झाला असेल, तर विलंब न करता तपासून घ्यावे. खांदा आखडण्याचा विकार मधुमेह्यांत अधिक आढळतो. आणि हातातल्या कळेबरोबर छातीवर दडपण, दम लागणे किंवा घाम सुटणे यांपैकी काहीही जाणवले, तर ते यंत्राचे दुखणे समजून घरी शेक घेत बसू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे.

आता उंबऱ्याशी येतो. लांब दांड्याची जड कढई एका हाताने उचलून ओतणारी गृहिणी, दोन पिळ्यांत चादर पिळणारी मोलकरीण, दारात दिवसभर दांडके उंचावून उभा असलेला पहारेकरी, यांच्या कोपराशी हाच तराजू आणि हीच आवळलेली मूठ आहे. इंग्लंडातला छांदिष्ट दुखू लागले की यंत्र ठेवून देऊ शकतो. या मंडळींना ते शक्य नसते. तेव्हा कढई दोन्ही हातांनी अंगाजवळ धरून उचलावी, लाटण्याची मूठ सैल ठेवावी, चादर एकट्याने न पिळता दोघांनी पिळावी. घरातल्या बाईचा हात दुखतो म्हटल्यावर 'वयामुळे' असे म्हणून जो विषय मिटविला जातो, त्याचे मूळ पुष्कळदा वयात नसून भांड्याच्या दांड्यात असते.

१९९२ मध्ये इंग्लंडच्या सफोक परगण्यात एरिक लॉज नावाचे गृहस्थ मित्राची हरवलेली हातोडी शोधावयास यंत्र घेऊन निघाले, आणि त्यांना सुमारे पंधरा हजार रोमन नाणी, सोन्याचे अलंकार आणि चांदीची पात्रे असलेला होक्सनचा प्रसिद्ध ठेवा सापडला. ठेवा मोठा आहे हे कळताच त्यांनी सगळा उकरून काढण्याचा सोस न धरता हात आवरला आणि अधिकाऱ्यांस कळविले. त्यामुळे पुराणवस्तुतज्ज्ञांना तो जसाच्या तसा, नीट उकलता आला. वेळीच थांबलेल्या हाताने ठेव्याचे मोल वाढविले. बाकीच्यांच्या नशिबी बहुतांशी बाटल्यांची बुचे आणि गंजके खिळेच येतात. त्यांच्यापायी रोजच्या जेवणाचा घास उचलणारा हात गहाण टाकू नये, इतकेच आमचे सांगणे.