ठिपका नाही, तर पाणी नाही!



पाण्याचं मागणं घेऊन गेलं की हल्ली एकच उत्तर मिळतं : "डिझाइन कॉम्प्युटरवर झालंय. तुमची वस्ती त्यात बसत नाही." पूर्वी साहेब नाही म्हणायचा, तेव्हा साहेबाशी भांडता तरी यायचं. आता म्हणं कॉम्प्युटरच नाही म्हणतो. आणि कॉम्प्युटर म्हटलं की आपली माणसं खाली मान घालून परत फिरतात. नेकनूरच्या बाजाराला येणाऱ्या डोंगरकडच्या सगळ्या भिल्ल-पारधी वस्त्यांना आमचं सांगणं आहे, मान खाली घालू नका. हा कॉम्प्युटर काय करतो ते आधी समजून घ्या.

नळयोजनेचा हिशोब करणारे प्रोग्राम असतात. एक एपानेट, अमेरिकेच्या सरकारी पर्यावरण खात्यानं १९९३ साली काढलेला. कोणत्या पाइपात किती पाणी जाईल, कुठं किती दाब राहील, हे तो सांगतो. दुसरा जलतंत्र, आपल्या मुंबईच्या आय.आय.टी.त तयार झालेला. कोणत्या मापाचे पाइप घातले तर खर्च कमीत कमी येईल, हे तो काढून देतो. दोन्ही फुकट मिळतात. दोन्ही चांगली अवजारं आहेत. आमचं भांडण अवजाराशी नाही.

पण त्यात माहिती कोण भरतं? टाकी किती उंच, वस्ती किती उंचावर, मधलं अंतर किती, माणसं किती, माणशी पाणी किती, पाइपाचा भाव काय, हे सगळं माणूस भरतो. जिथं पाणी द्यायचं त्या प्रत्येक जागेचा एक ठिपका मांडतात. इंजिनिअर त्याला नोड म्हणतात. ज्या वस्तीचा ठिपकाच मांडला नाही, ती वस्ती कॉम्प्युटरला दिसणार कुठून? जात्यात ज्वारी घातली तर गव्हाचं पीठ पडत नाही.

हिशोब करून बघा. ४० घरांची वस्ती धरा, घरात ५ माणसं, म्हणजे २०० माणसं. जलजीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालं, त्याचं माप माणशी रोज ५५ लिटर. म्हणजे वस्तीला रोज ११,००० लिटर लागतात. ठिपका वगळला की हे ११,००० लिटर मागणीतून गेले. टाकी तेवढी लहान झाली, पाइप तेवढा बारीक झाला. तेवढंच पाणी निम्म्या व्यासाच्या पाइपातून न्यायचं म्हटलं तर घासण्यात खर्च होणारा दाब जवळजवळ ३० पट वाढतो. म्हणून पुढं जोड मागायला गेलं की खरंच पाणी पोचत नाही. मग साहेब म्हणतात, "बघा, आम्ही सांगितलंच होतं!" आधी आम्हाला मोजायचं नाही, आणि मग आम्ही मापात बसत नाही म्हणायचं!

दुसरी गोष्ट उंचीची. एक मजली घराच्या नळाशी निदान ७ मीटर पाणी चढेल एवढा दाब उरला पाहिजे, असं सरकारी माप आहे. आपल्या वस्त्या माळावर, डोंगराच्या अंगाला. खालची काळी जमीन कोणाच्या ताब्यात आहे ते तुम्हाला सांगायला नको. टाकी खालच्या गावठाणाची उंची धरून बांधली की वरची वस्ती कोरडी राहणारच. त्यावर उपाय नाही असं नाही. टाकी उंचावर नेता येते, वस्तीला वेगळी लहान टाकी देता येते, पंप बसवता येतो. त्याला पैसा लागतो. "कमीत कमी खर्चात कर" म्हटलं की प्रोग्राम तसं करून देतो. पण कोणाला धरून आणि कोणाला सोडून, हे त्यानं ठरवलेलं नसतं.

पाणी न्यायचं ठरवलं तर किती लांब नेता येतं? मांजरा नदी आपल्या पाटोदा तालुक्यात उगवते. तिचं धरण आपल्या केज तालुक्यात धनेगावला. त्यावर लातूर शहर पाणी पितं. २०१६ ला धरण आटलं तेव्हा मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणलं, ३०० किलोमीटरच्या वरून. लातूरची माणसं जगली, चांगलंच झालं. तिकडं शहापूर तालुक्यातल्या तानसा आणि भातसा धरणांचं पाणी मुंबईला जातं. तानसा तर १८९२ चं. आणि त्याच तालुक्यातले आदिवासी पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. एवढं सगळं जमतं, मग आमच्या वस्तीचे दोन किलोमीटर पाइपच तेवढे कशापायी बसत नाहीत?

"वनजमीन आहे, पाइप टाकता येत नाही," असंही सांगतात. हे खोटं आहे. वनहक्क कायदा २००६, कलम ३(२) वाचा. पिण्याचं पाणी आणि पाइपलाइन, तळी, पावसाचं पाणी अडवायची कामं, यांना वनजमीन देता येते असं तिथं लिहिलंय. अट एवढीच की प्रत्येक कामाला जमीन १ हेक्टरपेक्षा कमी, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत आणि ग्रामसभेची शिफारस पाहिजे. म्हणजे पहिलं पाऊल ग्रामसभेनंच टाकायचंय.

आपल्यातलेच काही साथी म्हणतात, "आधी पट्टा, मग नळ. कॉम्प्युटरच्या नादी कशाला लागायचं?" आम्हाला हे पटत नाही. नकाशातला ठिपका म्हणजे पट्टा नव्हे, हे खरं. पण ज्या वस्तीचं नाव कोणत्याच सरकारी कागदात नाही, ती वस्ती उद्या उठवायला लई सोपी. आणि पट्ट्याचा कागद हातात येईपर्यंत बायांनी डोक्यावर हंडे घेऊन डोंगर चढत राहायचं का?

तेव्हा प्रत्येक वस्तीनं ही कामं करायची :

१. वस्तीचं नाव, घरं, माणसं, जनावरं यांची यादी स्वतः करा. बायांना पुढं ठेवा. पाणी कुठून आणि किती खेपा आणावं लागतं, ते त्या सांगतील.

२. गाव कृती आराखडा ग्रामसभेत मंजूर करावा लागतो. सह्या करण्याआधी ठिपक्यांची यादी मराठीत वाचून दाखवायला लावा. आपली वस्ती नसेल तर ठरावात तसं लिहून घ्या.

३. उंची मोजायला साहेबांना वस्तीवर चढून यायला सांगा. गावात बसून मोजलेली उंची मानू नका.

४. माहितीच्या अधिकारात (२००५ चा कायदा) डिझाइनची प्रत मागा, कागदावरची आणि कॉम्प्युटरची फाइलसुद्धा. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. प्रोग्राम फुकट आहे. आपली बारावी शिकलेली पोरं-पोरी बसली तर शिकतील. आम्ही शिकायला लागलोय.

आता कुणी म्हटलं, कॉम्प्युटर नाही म्हणतो, तर एवढंच विचारा : "त्यात आमचा ठिपका मांडला होता का? नसेल तर कोणी वगळला, त्याचं नाव सांगा."

पाणी आमच्या हक्काचं, नाही कुणाच्या बापाचं!

जोहार!