पहिली बाइक बुक करण्याआधी, भुईगावकरांनो, थांबा!

भुईगाव, गिरीज, निर्मळ, रानगाव, कळंब आणि आसपासच्या सर्व आईवडिलांनो, आणि ज्यांच्या मोबाइलवर सध्या स्पोर्ट्स बाइकचे व्हिडिओ फिरत आहेत त्या सर्व मुलामुलींनो,

दसरा ते नाताळ हे आपल्याकडे गाड्या घ्यायचे दिवस. या दिवसांत शोरूममध्ये पैसे भरण्याआधी हे आवाहन घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून वाचावं, अशी कळकळीची विनंती आहे. मागणं एकच आहे. ज्याने आजवर गिअरची गाडी धड वर्षभरही चालवलेली नाही, त्याला पहिलीच गाडी म्हणून तीनशे-चारशे सीसीची स्पोर्ट्स बाइक घेऊन देऊ नका. बुकिंग झालं असेल तर बदलून घ्या. त्यात थोडे पैसे कापले गेले तरी कापले जाऊ द्या.

घाई करतो आहे, त्याला कारण आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला. कर्ज सहज मिळतं, डाऊन पेमेंट थोडं असतं आणि हप्त्याचा आकडा ऐकायला लहान वाटतो. कालपर्यंत जी गाडी फक्त पोस्टरवर होती ती आज कॉलेजच्या पहिल्या वर्षातल्या मुलाच्या हाताशी आली आहे. ती चालवायचं कसब मात्र कर कमी झाला म्हणून स्वस्त झालेलं नाही.

आणि कायदाही इथे मदतीला येत नाही. आपल्याकडे गिअरच्या मोटरसायकलचा परवाना एकच. शिकाऊ परवान्याची परीक्षा आता घरबसल्या देता येते. पुढे तीस दिवस झाले की कुणाची तरी शंभर सीसीची गाडी मागून आणायची, आरटीओत आठचा आकडा काढून दाखवायचा आणि पक्का परवाना घ्यायचा. त्याच परवान्यावर दुसऱ्या दिवशी हजार सीसीची गाडीही चालवता येते. युरोपीय संघात 2013 पासून परवान्याचे टप्पे आहेत. पहिला टप्पा 125 सीसी आणि सुमारे 15 अश्वशक्तीपर्यंत, दुसरा सुमारे 47 अश्वशक्तीपर्यंत, आणि त्यापुढच्या गाड्या नंतर. दुसऱ्या टप्प्याची परीक्षाही त्या ताकदीच्या गाडीवरच द्यावी लागते. केटीएमची आरसी 390 साधारण 43 अश्वशक्तीची, म्हणजे तिथे ती दुसऱ्या पायरीवर बसते. चाकणच्या कारखान्यात तयार होणारी हीच गाडी आपल्याकडे मात्र मुलाची पहिली पायरी होऊन बसली आहे. सरकार टप्पे करील तेव्हा करील. तोवर हे टप्पे आपल्याला घरातच करायला हवेत.

ताकदीचा फरक किती, तो आकड्यांत पाहा. ज्या स्प्लेंडरवर आपल्यातले बहुतेक जण शिकले, ती आठ अश्वशक्तीची आणि सुमारे 112 किलोची. आरसी 390 तिच्या पाचपटीहून जास्त ताकदीची, पण वजन दीडपटच. नवशिक्याची मूठ खड्ड्यात धक्का बसला की नकळत पिळली जाते. स्प्लेंडरवर तेवढ्याने इंजिन नुसतं ओरडतं. चारशेच्या गाडीवर तेवढ्याने गाडी पुढच्या रिक्षावर जाऊन आदळते. "मी हळूच चालवीन" असं मुलगा म्हणतो, तेव्हा तो खोटं बोलत नसतो. त्याच्या मनगटाला हळू म्हणजे किती हे अजून कळलेलं नसतं, एवढंच.

आता आपला रस्ता डोळ्यांसमोर आणा. निर्मळकडून किंवा गिरीजकडून समुद्राकडे येताना रस्ता किती वळणं घेतो! दोन्ही बाजूंना वाड्या, केळीची बनं, कुंपणं, कुठे कठड्याशिवायची विहीर, कुठे रस्त्याला लागून बावखल, वळणावर दगडी क्रूस. समोरून येणारं वाहन अगदी जवळ आल्याखेरीज दिसत नाही. पहाटे फुलं आणि भाजी घेऊन स्टेशनकडे निघालेले शेतकरी, सकाळी शाळेची मुलं, संध्याकाळी चालायला निघालेली म्हातारी माणसं, सगळी याच रस्त्यावर, कारण पदपथ नाहीच. किनाऱ्याजवळ, सुरूच्या झाडांच्या बाजूला, वाऱ्याने आलेली वाळू डांबरावर पसरलेली असते. पावसाळ्यात वाडीतली माती ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर रस्त्यावर येते. शनिवार-रविवारी नालासोपारा, विरार आणि मुंबईहून पर्यटकांच्या गाड्या येतात, त्यांना यातलं एकही वळण ठाऊक नसतं. कार्तिकात निर्मळची यात्रा भरते, तेव्हा तर पाय ठेवायला जागा नसते.

अशा रस्त्याला स्पोर्ट्स बाइक मुळातच सोयीची नाही. तिचं हँडल खाली असतं, अंगाचा भार मनगटांवर येतो, मान वर करून पाहावं लागतं. हँडल फार वळत नाही, त्यामुळे अरुंद गल्लीत एका दमात गाडी फिरवता येत नाही. सीट उंच असते. साधारण उंचीच्या मुलाचे फक्त चवडे टेकतात, आणि पावलाखाली नेमकी वाळू आली की उभी गाडीही आडवी होते. ऐंशीच्या वेगाने गाडी एका सेकंदात 22 मीटर जाते. कुत्रं आडवं आलं हे मेंदूला कळून बोटं ब्रेकवर जाईपर्यंतच तेवढं अंतर संपलेलं असतं, थांबायला लागणारं अंतर वेगळंच. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यानंतरचं हे अंतर चौपट होतं. आणि वळणात, वाळूवर, घाबरून पुढचा ब्रेक करकचून दाबला तर सांभाळायला वेळच मिळत नाही.

एबीएस आहे ना, असं कुणी म्हणेल. 125 सीसीच्या वरच्या सर्व नव्या गाड्यांना एप्रिल 2019 पासून ते सक्तीचं आहे आणि ते असायलाच हवं. पण एबीएस चाक जाम होऊ देत नाही, एवढंच त्याचं काम. वळणाआधी वेग कमी करायचं काम चालवणाऱ्याचंच.

मग काय घ्यावं? माझं स्पष्ट मत सांगतो. पहिलं वर्ष घरातली किंवा जुनी, शंभर ते सव्वाशे सीसीची गाडी वापरा. त्या वर्षात एक अख्खा पावसाळा यायलाच हवा, कारण आपल्या वसईचा पाऊस जे शिकवतो ते कुठलाही व्हिडिओ शिकवत नाही. त्यानंतर स्पोर्ट्स बाइकच हवी असेल तर दीडशेच्या वर्गातली घ्या. सुझुकीची गिक्सर एसएफ साडेतेरा अश्वशक्तीची आहे, बसणं त्यामानाने सरळ आहे. 2008 पासून आपल्याकडे मिळणारी यामाहाची आर 15 आता साडेअठराच्या आसपास आहे, पण तिच्यावर जास्त वाकावं लागतं. नवशिक्यासाठी मी पहिलीच निवडीन. दोन्हींचं रूप मुलांना हवं तसंच आहे, आणि आपल्या रस्त्यांना त्यांची ताकद पुरून उरते. तीनशेच्या पुढचं सगळं आणखी दोन वर्षांनी बघा.

शोरूममध्ये मुलाला सीटवर बसवून दोन्ही टाचा टेकतात का ते पाहा. गाडी बंद ठेवून त्याला ती मागे ढकलायला सांगा, स्टँडवरून काढायला आणि परत लावायला सांगा. हे जमत नसेल तर ती गाडी त्याची नाही, मग रंग कितीही आवडलेला असो. टेस्ट राइड सरळ महामार्गावर नको, गर्दीत आणि हळू वेगात घ्या.

गाडीच्या किमतीतूनच हेल्मेट, जॅकेट, हातमोजे आणि घोट्यापर्यंतचे बूट यांचे पैसे आधी बाजूला काढा. पैसे पुरत नसतील तर गाडी लहान घ्या, हेल्मेट नव्हे. जून 2021 पासून आयएसआय मार्क नसलेलं दुचाकीचं हेल्मेट विकायलाच बंदी आहे, तरी रस्त्याकडेला तसली हेल्मेटं विकली जातात. 2022 साली देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली. त्यांतले जवळजवळ 75 हजार दुचाकीवरचे होते, आणि हेल्मेट न घातलेले मृत 50 हजारांहून जास्त. मागे बसलेल्याच्या डोक्यालाही हेल्मेट लागतं. समुद्रापर्यंतच तर जायचं आहे, हे कारण चालणार नाही.

आईवडिलांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे, कारण ती शोरूममध्ये कुणी बोलत नाही. बहुतेक घरांत गाडी वडिलांच्या नावावर घेतात. विम्यातलं 15 लाखांचं सक्तीचं वैयक्तिक अपघात संरक्षण गाडीच्या मालकाला असतं, तेही त्याच्याकडे परवाना असेल तर. मालक बाबा आणि चालवणारा मुलगा असेल, तर त्या संरक्षणातून मुलाला काही मिळत नाही. त्याच्यासाठी वेगळा अपघात विमा काढा. आणि मुलगा अठरा वर्षांचा नसेल तर चावी त्याच्या हातात देऊच नका. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनुसार पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार रुपये दंड आहे, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. विनापरवाना चालवताना कुणाला इजा झाली, तर विमा कंपनी दिलेली भरपाई मालकाकडून वसूल करू शकते. त्यात घर आणि वाडी दोन्ही जाऊ शकतात.

मुलांनो, आता तुमच्याशी. तुमची हौस मला खोटी वाटत नाही. चांगली मोटरसायकल सुंदर असते, आणि ती नीट चालवणं ही शिकून मिळवायची विद्या आहे. वेगाची खरी ओढ असेल तर त्यासाठी चेन्नईजवळ, कोइम्बतूरला ट्रॅक आहेत. तिथे अंगभर चामड्याचा सूट घालावा लागतो, वळणाबाहेर मोकळी जागा सोडलेली असते, रुग्णवाहिका उभी असते. भुईगावच्या रस्त्यावर वळणाबाहेर कुणाची तरी आजी भाजी घेऊन बसलेली असते. किनाऱ्यावर एका चाकाची रील काढू नका, सायलेन्सर बदलून रात्री वस्तीतून फिरू नका, शिकाऊ परवान्यावर मित्राला मागे बसवू नका, आणि कुणी "एकदा खेचून दाखव" म्हणालं तर चावी खिशात ठेवा.

चर्चमधल्या युवक गटांना, गणेशोत्सव मंडळांना आणि गावातल्या जाणत्या मेकॅनिक मंडळींना विनंती आहे की येत्या रविवारीच एका मोकळ्या मैदानावर नवशिक्यांना बोलवा. ब्रेक कसा लावायचा, हळू वेगात गाडी कशी वळवायची, एवढं तरी हाताला धरून शिकवा. त्यासाठी निधी लागत नाही, चार कोन आणि दोन तास लागतात.

ज्यांच्या घरी या आठवड्यात बुकिंग ठरलं आहे, त्यांनी आजच शोरूमला फोन करावा आणि लहान गाडी मागावी.